टर्बो गाडीला महागडं पेट्रोल पाजावं का?

प्रश्न: नुकतीच सेकंडहँड हॉट हॅच, म्हणजे छोटी पण दमदार गाडी, घेतली, २ लिटर टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर आहे, त्यावर ‘९८ रॉन, किमान ९५’ लिहिलंय. मी आपला ९५ भरतो. ग्रुपवर एक जण म्हणतो १०० भरून बघ, पिकअप कसा खुलतो ते, दुसरा म्हणतो सगळं मार्केटिंग आहे. मेकॅनिक म्हणतो प्रीमियमच्या नादी लागू नको, ऑक्टेन बूस्टरची बाटली टाक, तेच काम होतं. खालच्या आरपीएमवरून जोरात दाबली की कधीकधी डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो पण लगेच थांबतो. घरात अजून एक साधी १.२ लिटरची गाडी आहे, बायकोचं म्हणणं तिलाही महिन्यातून एकदा चांगलं पेट्रोल द्यावं, इंजिन साफ होतं. कोणाचं ऐकू? - टर्बोवेडा

उत्तर:

टर्बोवेडे साहेब, तुम्ही पेट्रोलबद्दल भरपूर लिहिलंत आणि त्या खुळखुळीबद्दल जाता जाता एक ओळ. मला त्या एका ओळीचीच जास्त काळजी वाटतेय. तिच्याकडे येतो, पण आधी ग्रुपवरचं भांडण मिटवू, कारण ते दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत आणि म्हणूनच ते भांडण कधी संपत नाही.

स्टिकरवरचे ९५-९८ हे ऑक्टेनचे आकडे, आणि ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, ९५ घ्या की ९८ घ्या, फरक किरकोळ. उलट ऑक्टेन वाढवायला इथेनॉल जास्त घातलं असेल तर ऊर्जा कमीच होते, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे २१ मेगाज्यूलच्या आसपासच असते, आणि म्हणूनच १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल अ‍ॅव्हरेजमध्ये साधारण ३ टक्के मार खातं. ऑक्टेनचा आकडा फक्त एवढंच सांगतो की हे पेट्रोल तुम्ही हवेबरोबर कोंडून दाबलं, तापवलं, तरी आपणहून भडकायला किती वेळ तयार होत नाही. १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर नावाच्या केमिस्टने त्याची मोजपट्टी सुचवली, आयसो-ऑक्टेन हे सहजासहजी न भडकणारं म्हणून त्याला १०० आणि नॉर्मल हेप्टेन लगेच भडकणारं म्हणून त्याला ०. ९५ म्हणजे ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन एकत्र केल्यावर टेस्ट इंजिनात जसं वागेल तसं तुमचं पेट्रोल वागतं. बस एवढंच. ‘हाय ऑक्टेन हळू जळतं’ असंही कोणीतरी ग्रुपवर टाकलं असेलच, तेही सोडून द्या, जळण्याचा वेग या आकड्यावरून ठरत नाही.

आणि आकड्यांचा एक घोळ इथेच निस्तरतो. रॉन, म्हणजे तुमच्या स्टिकरवरचा ऑक्टेनचा आकडा, काढतात तो एका सिलेंडरच्या टेस्ट इंजिनात ६०० आरपीएमवर, आणि दुसरा एक आकडा असतो मॉन, तो ९०० आरपीएमवर मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून काढतात, म्हणजे जास्त छळ, म्हणून तो नेहमी खाली येतो. युरोपात आणि बऱ्याच जगात पंपावर रॉन लिहितात. अमेरिका-कॅनडात या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे एखाद्या अमेरिकन व्हिडिओत ‘माझी गाडी ९३ वर मस्त पळते’ असं ऐकलंत तर ते ९३ म्हणजे तुमचं जवळपास ९८ आहे, आणि त्यांचं साधं ८७ म्हणजे तुमचं ९१-९२. निम्मी भांडणं इथेच होतात, दोघं वेगवेगळ्या फुटपट्ट्या घेऊन उभे असतात आणि दोघांनाही समोरचा येडा वाटतो.

आता सिलेंडरच्या आत बघू, कारण ते नीट कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. पिस्टन वर येत असतो, मिश्रण दाबलं जात असतं, आणि पिस्टन अगदी वर पोचायच्या जरा आधीच प्लग ठिणगी टाकतो. ज्योत प्लगपासून निघून कडेकडे पसरत जाते. ती पसरते तसा दाब वाढतो आणि त्या दाबाने कडेचं अजून न पेटलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. सगळी शर्यत इथे आहे. ज्योत तिथपर्यंत वेळेत पोचली तर सगळं गुण्यागोविंदाने जळतं. नाही पोचली तर ते कोपऱ्यातलं मिश्रण सगळंच्या सगळं एकदम स्वतःहून पेटतं, सिलेंडरमध्ये दाबाची लाट इकडून तिकडे आपटते, तोच तो टिणटिण-खुळखुळ आवाज. हे नॉकिंग. पिस्टनच्या आणि सिलेंडरच्या पृष्ठभागाला लागून गॅसचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो जो धातूला वाचवत असतो, ही लाट तो थर उधळून लावते आणि उष्णता सरळ अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसते. जोरात नॉक झालेला पिस्टन हातात घेऊन बघा कधीतरी, कडेला वाळूचा मारा केल्यासारखे बारीक बारीक खड्डे दिसतात, आणि फारच झालं असेल तर रिंगांच्या मधली पट्टी तुकडा पडून गेलेली असते.

मग हाय ऑक्टेनने पिकअप वाढतो म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. पण पिकअप पेट्रोल देत नाही, ते नॉक होणार नाही या भरवशावर इंजिन जे काही करू शकतं त्यातून पिकअप येतो. ठिणगी लवकर टाकता येते, टर्बोचा बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो, कंपनीला मुळात कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते, जास्त ठेवता येतो. इंजिनाने यातलं काहीच केलं नाही तर १०० ऑक्टेन काय आणि ९१ काय, जळून धूर होऊन बाहेर. याचं माझं आवडतं उदाहरण गाडीचं नाहीच, विमानाचं आहे. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळायला लागलं. पण नुसतं टाकीत ओतून काही होणार नव्हतं, त्या विमानांच्या मर्लिन इंजिनांमध्ये फेरफार करून सुपरचार्जरचा बूस्ट चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत न्यायची मुभा दिली तेव्हा कमी उंचीवर हजारेक हॉर्सपॉवरचं इंजिन तेराशेच्या घरात गेलं. इंजिन तेच. पेट्रोलने फक्त अडवणूक थांबवली, ताकद बूस्टने दिली.

आजच्या गाडीत हे फेरफार करायला मेकॅनिक लागत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बसलेला आहे. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बोल्टने घट्ट बसवलेला असतो, आत क्रिस्टल असतो जो थरथरीचं विजेत रूपांतर करतो, आणि ईसीयू त्यातून नॉकची ठराविक फ्रिक्वेन्सी तेवढी ऐकत असतो. साधारण ६-७ किलोहर्ट्झच्या आसपास, सिलेंडरच्या व्यासाप्रमाणे कमीजास्त. नॉक ऐकू आला की त्या सिलेंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो, मग हळूहळू परत पुढे सरकवत बघतो. साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच टर्बो गाड्यांमध्ये नॉक ऐकून बूस्ट कमीजास्त करणारी सिस्टीम आणली होती, म्हणजे ही काही काल-परवाची जादू नाही. त्यामुळे ९५ वर तुमचं इंजिन मरत नाही, ते गपचूप टायमिंग मागे घेऊन जगतं आणि तुम्हाला ‘आज गाडी जरा जड वाटतेय’ एवढंच जाणवतं, कडक उन्हात जरा जास्तच.

किती फरक पडतो याचा कंपनीनेच छापलेला आकडा हवा असेल तर माझदाचं २.५ लिटर टर्बो बघा. अमेरिकेत आणताना त्यांनी सरळ सांगितलं, ९३ वर २५० हॉर्सपॉवर आणि ८७ वर २२७, आणि हे त्यांचे आकडे, म्हणजे आपले ९८ आणि ९१-९२. वरच्या टोकाला जवळपास १० टक्क्यांचा फरक आहे हा, थोडाथोडका नाही. पण गंमत बघा, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, सुरुवातीला दोन्हींवर एकच सांगितला होता. म्हणजे रोज ऑफिसला जाताना अर्धा एक्सिलरेटर दाबून चालवणाऱ्याला त्या २३ हॉर्सपॉवरचं तोंडही दिसत नाही, ते वरच्या आरपीएमला, पूर्ण दाबल्यावरच भेटतात.

दुसऱ्या बाजूचाही आकडा सांगतो नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी बोलतो. ट्रिपल ए या अमेरिकन मोटार संघटनेने २०१७ मध्ये अशा गाड्या तपासल्या ज्यांना प्रीमियमची शिफारस आहे पण सक्ती नाही, म्हणजे तुमच्याच जातीच्या. सरासरी निघाली हॉर्सपॉवरमध्ये १.४ टक्के आणि अ‍ॅव्हरेजमध्ये २.७ टक्के वाढ. आणि त्याच्या आदल्या वर्षी ज्या गाड्यांना साधं पेट्रोलच सांगितलंय त्यांच्यात प्रीमियम घालून बघितलं तेव्हा सांगण्यासारखा फायदा काहीच नव्हता. यातून हिशोब अगदी सोपा आहे, तुमच्याकडे प्रीमियम साध्यापेक्षा तीनेक टक्क्यांहून जास्त महाग असेल तर अ‍ॅव्हरेजमधून ते पैसे परत येत नाहीत. पैसे वाचवायला प्रीमियम भरतो म्हणणाऱ्याचा हिशोब कच्चा आहे. जोरात चालवायचीय म्हणून भरतो म्हणणारा निदान खरं तरी बोलतोय.

आता तुमची गाडी. स्टिकर ‘९८, किमान ९५’ म्हणतं याचा अर्थ कंपनीने जाहीर केलेली हॉर्सपॉवर ९८ वर मोजलेली आहे आणि ९५ वर इंजिन स्वतःला सांभाळून घेईल एवढी हमी आहे. माझं मत स्पष्ट आहे, एवढी हौसेची गाडी घेतली आहे, दाबून चालवता, तर ९८ भरा. घाट चढताना, उन्हाळ्यात, चार माणसं आणि सामान भरून, ट्रॅकवर नेणार असाल तर नक्कीच. ट्रॅफिकमध्ये तासभर रखडल्यावर इंजिनात जाणारी हवा तापलेली असते, ती हवा थंड करणारा इंटरकूलर तापलेला असतो, आणि तेव्हाच मोकळा रस्ता दिसला म्हणून तुम्ही दाबणार, तिथे ते जास्तीचे तीन आकडे खरंच कामाला येतात. आणि १०० बद्दल म्हणाल तर तुमच्या ईसीयूच्या नकाशात, म्हणजे ठिणगी-बूस्टच्या ठरवून ठेवलेल्या आकड्यांत, ९८ च्या पुढे काही लिहिलेलंच नसेल तर तो ठिणगी पुढे तरी कुठे नेणार, ती आधीच ठरलेल्या जागी पोचलेली असते. काही मोजक्या गाड्यांमध्ये पुढेही थोडी जागा ठेवलेली असते, भयंकर उकाड्यात १०० ने गाडी थोडी कमी हाश्शहुश्श करेल, पण ‘पिकअप खुलला’ वगैरे बहुतेक वेळा टाकी भरताना खिसा रिकामा झाल्याचा परिणाम असतो. खर्च केला की माणसाला फरक जाणवतोच.

आता तो आवाज. हे जरा नीट वाचा.

कंपनीने किमान ९५ सांगितलंय, तुम्ही ९५ च भरताय, म्हणजे धडधाकट इंजिनात तुमच्या कानाला नॉक ऐकू यायला नको. सेन्सर तो तुमच्या आधी ऐकतो. तरीही येतोय तर कुठेतरी काहीतरी बदललंय, आणि सेकंडहँड गाडीत पहिला संशय मी घेईन रीमॅपचा, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याचा. आधीच्या मालकाने ईसीयूत ‘स्टेज वन’ नावाचा पहिल्या पायरीचा रीमॅप टाकून घेतलेला असेल आणि विकताना सांगितला नसेल, असं सर्रास होतं. स्टेज वनचे नकाशे बहुतेक वेळा ९८ वा त्याहून जास्त धरूनच बनवलेले असतात, बूस्ट वाढवलेला असतो, टायमिंग पुढे नेलेलं असतं, आणि काही हुशार लोक तर नॉकची दखल घ्यायची पातळीच सैल करून ठेवतात म्हणजे डायनोवर, हॉर्सपॉवर मोजायच्या यंत्रावर, आकडा छान येतो. अशा गाडीत झाकणाच्या आतलं स्टिकर जे बोलतं ते कारखान्यातून निघालेल्या इंजिनाबद्दल, तुमच्या दारातल्या नाही. म्हणून पेट्रोलचा वाद बाजूला ठेवा आणि आधी डीलरकडे किंवा एखाद्या चांगल्या ट्यूनरकडे ईसीयूचं सॉफ्टवेअर मूळचं आहे का ते बघून घ्या. जास्तीत जास्त बूस्ट किती येतो हे ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला जोडायच्या, साध्या अ‍ॅपवरही दिसतं, कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच जास्त दिसला तर उत्तर तिथेच मिळालं. रीमॅप निघाला तर दोनच रस्ते, एकतर ट्यूनरने सांगितलं असेल ते पेट्रोल कायम, कंटाळा न करता, नाहीतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्या. मधला रस्ता नाही.

रीमॅप नसेल तर मग बाकीचे संशयित. चुकीच्या हीट रेंजचे प्लग, पिस्टनवर आणि हेडमध्ये साठलेला कार्बन, इनटेकमध्ये येणारी ऑइलची वाफ, किंवा नॉक सेन्सरच बिघडलेला वा त्याचा बोल्ट बरोबर कसलेला नसलेला, या बोल्टचा कसण्याचा जोर चुकला तर सेन्सर नीट ऐकत नाही हे बऱ्याच गॅरेजमध्ये माहितीही नसतं. आणि हो, कधीकधी तो नॉक नसतोच, एक्झॉस्टचा पत्रा सैल होऊन वाजत असतो, मग माणूस वर्षभर महागडं पेट्रोल ओतत बसतो आणि आवाज आपला चालूच. प्लग काढून भिंगाखाली बघायला सांगा. टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा अगदी बारीक चकचकीत चंदेरी गोळे दिसले तर ते चंदेरी गोळे म्हणजे तुमच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. असं दिसलं तर गाडी तिथेच ठेवा, पेट्रोल कोणतं भरू विचारायला परत पत्र लिहू नका.

तोवर एक सवय बदला, फुकटची आहे. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर गाडी असताना एक्सिलरेटर जमिनीला टेकवू नका. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांमध्ये नेमक्या याच जागी आणखी एक भानगड होते, मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेटतं, ऑइलचे थेंब आणि कार्बनचे कण त्याला निमित्त होतात, आणि तो झटका साध्या नॉकपेक्षा कितीतरी दांडगा असतो, पिस्टन एका फटक्यात जाऊ शकतो. टायमिंग मागे घेऊन ते थांबत नाही कारण ठिणगी पडलेलीच नसते. ऑक्टेननेही तिथे पूर्ण बचाव होत नाही, तिथे ऑइल महत्त्वाचं, २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये याचा खास विचार केलेला आहे, कंपनीने तुमच्या इंजिनाला जे स्पेसिफिकेशन सांगितलंय ते आधी बघा आणि त्याच्या जोडीला एसपी मिळतंय का बघा. आणि गिअर खाली टाकून दाबा हो, मॅन्युअल गिअरबॉक्सची हॉट हॅच घेऊन गिअर टाकायचा कंटाळा कसला!

मेकॅनिकची बाटली. त्यावर ‘५ पॉइंट वाढ’ वगैरे छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं ९५ चं १०० झालं. या धंद्यात बऱ्याचदा एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन, म्हणजे तुमचं ९५ झालं ९५.५. शिवाय काही बाटल्यांमध्ये मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात, ती ऑक्टेन वाढवतात खरी पण प्लगवर लालसर-तपकिरी थर चढवतात आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्यांचं प्रेम नाही. पूर्वी हेच काम शिसं करायचं, १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या लॅबमध्ये टेट्राइथिल लेडचा शोध लागला, अतिशय स्वस्तात ऑक्टेन मिळालं आणि त्या शिशाचं विष रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोलमधून जगभरातून हद्दपार व्हायला थेट २०२१ उजाडलं. असो, विषय भरकटला. पंपावर ९८ मिळत असताना बाटली घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी माल घेणं, मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणा.

वहिनींच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे पण जागा चुकली. इंजिन साफ ठेवतात ती डिटर्जंट, ऑक्टेन नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त बऱ्याच कंपन्या आपलं जास्तीचं डिटर्जंट महागड्या पेट्रोलमध्येच घालतात म्हणून त्या एकच वाटतात. २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटाने मिळून टॉप टियर नावाचा दर्जा आणला त्यात तर अटच अशी आहे की डिटर्जंट पंपावरच्या सगळ्या ग्रेडमध्ये हवं, साध्यातसुद्धा. तेव्हा साध्या १.२ ला तिच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं साधं पेट्रोलच द्या, फक्त चांगल्या, गर्दीच्या पंपावरचं, जिथे टाक्यांमध्ये माल पडून राहत नाही. महिन्यातून एकदाच्या प्रीमियमने तिचं वाईट काही होणार नाही, भलंही नाही. आणि गंमत म्हणजे ज्या गाडीच्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसण्याची खरी भीती आहे ती तुमची टर्बो, तिथे पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे पडतच नाही, थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे जगातलं सगळ्यात भारी डिटर्जंट घाला ते त्या व्हॉल्व्हला शिवणारसुद्धा नाही. इंजेक्टर स्वच्छ राहतील एवढाच फायदा, तोही कमी नाही म्हणा. व्हॉल्व्ह मात्र कधीतरी उघडूनच साफ करावे लागतात, अक्रोडाच्या टरफलांची पूड हवेच्या दाबाने मारून करतात ते काम.

लांबच्या प्रवासात कुठे ९८ मिळालंच नाही तर घाबरू नका, ९५ भरा आणि त्या टाकीपुरतं सभ्यपणे चालवा. दोन्ही मिसळलेलं चालतं, अर्धं-अर्धं केलं तर ऑक्टेन साधारण मध्ये कुठेतरी येतं. फक्त ही सवलत मूळ सॉफ्टवेअरवाल्या गाडीला आहे, रीमॅप निघाला तर ९५ वर बूस्ट चढूच द्यायचा नाही, अगदी हलक्या पायाने पुढचा पंप गाठायचा. जुनी कार्बोरेटरवाली स्पोर्ट्स गाडी असेल तर गोष्ट वेगळीच, तिच्यात ऐकायला सेन्सरच नाही, तिथे सेन्सर म्हणजे तुमचा कान.

आणि ग्रुपवाल्यांची तोंडं बंद करायचीच असतील तर रीमॅपची तपासणी आणि प्लग आधी उरका आणि मग स्वतः मोजा. ९५ च्या टाकीवर एकाच सरळ, रिकाम्या, गाडी जोरात नेता येईल अशा जागी, ट्रॅक असेल तर उत्तमच, तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६००० पर्यंत पूर्ण दाबून ओबीडीवर ठिणगीचं टायमिंग, नॉकमुळे मागे घेतलेले अंश, बूस्ट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एवढं रेकॉर्ड करा. मग टाकी जवळपास रिकामी करून ९८ भरा, एक-दोन टाक्या नेहमीसारख्या चालवा कारण ईसीयूला नवीन पेट्रोल ओळखून टायमिंग पुढे सरकवायला वेळ लागतो, पंपावरून बाहेर पडताच फरक सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. मग त्याच जागी, तेवढ्याच हवेच्या तापमानाला परत तेच. ९५ वर चारी सिलेंडर तीन-चार अंश मागे जात असतील आणि ९८ वर शून्याच्या आसपास राहत असतील तर पैसे सत्कारणी लागले. दोन्हींवर शून्यच असेल तर खुशाल ९५ भरा, मी माझा सल्ला मागे घेतो. आणि एकच सिलेंडर दोन्ही पेट्रोलवर हट्टाने मागे जात असेल तर भानगड पेट्रोलची नाहीच, त्या सिलेंडरचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर आधी बघायचा, आणि तो लॉग मलाही पाठवा, कितव्या सिलेंडरचा आहे ते लिहायला विसरू नका.